मुंबईजवळ हॉटेलं, स्टॉल, गर्दी नसलेलं एखादं शांत बेट आहे का? घारापुरी पाहून झालंय. रात्री राहता येईल का?

आहे. खांदेरी. गेटवेवरून साधारण वीस किलोमीटर दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोर. मात्र राहायचं मनातून काढून टाका. सकाळी जाऊन दुपारी परत, एवढंच.

आधी एक सांगतो. वस्ती नाही म्हणजे बेट बेवारस आहे असं समजू नका. त्याचा ताबा मुंबई बंदराकडे आहे आणि तिथे १८६७ सालचं दीपगृह आहे. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. आणि सगळ्यांच्या आधीपासून तिथे वेताळ आहे, कोळ्यांचा देव. मूर्ती नाही, मोठी शिळा. तुमचा होडीवाला उतरल्यावर आधी तिकडे जाईल. तुम्हीही चपला काढून जा, हात जोडा, मगच किल्ला बघा. फोटो काढायचा तर त्याला विचारून काढा.

गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग आणि मग रिक्षाने थळ. थळहून ठरलेल्या वेळेची फेरी नसते. किनाऱ्यावर विचारून अख्खी होडी ठरवायची, म्हणून पाच-सहा जण असलेले बरे. सध्या परवानगी लागते का, हेही तिथेच आधी विचारून घ्या. पावसाळ्यात हा विषयच नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र बरा असतो.

खरं गणित भरतीचं. ओहोटीला थळचं पाणी मागे सरतं आणि होडी काढणं अवघड होतं. कॅलेंडरवर तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. म्हणजे एकादशीला सव्वाआठ, अष्टमीला सहा. थोडं मागेपुढे होतं, पण दिवस ठरवायला एवढं पुरतं. एकादशीच्या आसपास सकाळी निघणं सोयीचं पडतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ते दिवस टाळा. होडीवाला "आज नको" म्हणाला तर जास्त पैसे पुढे करून आग्रह करू नका. त्याला ते पाणी रोजचं आहे.

बेटावर दोन टेकड्या आहेत आणि मधल्या खोलगट भागात धक्का. तटावरून सावकाश फेरी मारा. लोखंडी गाड्यावर बसवलेली तोफ नीट बघा, आपल्याकडच्या किल्ल्यांवर तोफा बहुतेक जमिनीवर लोळत पडलेल्या दिसतात. आत एक दगड आहे, त्यावर लहान दगडाने हलकेच ठोका. हंड्यावर टिचकी मारल्यासारखा टणकन आवाज येतो. हलकेच म्हणतोय, कारण येणारा प्रत्येक जण ठोकतो आणि दगडावर त्याच्या खुणा पडल्या आहेत.

तटावर उभं राहिलं की १६७९ साली या एवढ्याशा खडकासाठी इतकी लढाई का झाली ते कळतं. मुंबई बंदराकडे येणारी-जाणारी जहाजं इथून दिसतात. शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारीला पाठवून बांधकाम सुरू केलं तेव्हा इंग्रज हादरले. त्यांनी मोठी जहाजं आणून बेटाची नाकेबंदी केली. मराठ्यांच्या लहान होड्या मात्र रात्री उथळ पाण्यातून सामान आणि माणसं पोचवत राहिल्या. महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान मदतीला होता. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला, आणि त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचं उंदेरी बेट बळकावून तिथे तट उभारायला घेतला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आहे. मला त्याचा फार आनंद झाला आणि तेवढीच काळजीही वाटते, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

पिण्याचं पाणी आणि डबा मुंबईहूनच न्या, बेटावर काही विकत मिळत नाही. शौचालय आहे असं धरून चालू नका, थळला सोय बघून निघा. रिकाम्या बाटल्या आणि पिशव्या परत आणा, तिथे कचरा उचलायला कुणी येत नाही. दारू अजिबात नेऊ नका.

उंदेरी होडीतूनच बघा. सभोवती खडक आहेत, उतरणं जोखमीचं असतं. समुद्र अगदी शांत असेल आणि होडीवाला स्वतःहून म्हणाला तरच उतरा.