विषय पक्का करण्याआधी

प्रिय बेटा,

संशोधनासाठी काढलेल्या विषयांची तुझी यादी वाचली. नाग नदीचं सांडपाणी, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, हवेतले सूक्ष्म कण, उन्हाळा. सगळेच आपल्या जिव्हाळ्याचे. पण प्रश्न मोठा म्हणून त्यावर संशोधनच हवं, असं नसतं. नाग नदीत गटाराचं पाणी मिसळतं हे नागपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. पाण्याचे आणखी नमुने तपासून तिथे काही हलणार नाही. तिथे पैसा, पाइपलाइन आणि पाठपुरावा हवा. उत्तर माहीत नाही म्हणून काम अडलंय, तिथे तू जा.

राखेचा विषय मोलाचा आहे, पण धुळीने छातीवर होणारा परिणाम कळायला त्याच गावांच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. तुझ्या पदवीच्या मुदतीत ते बसणार नाही.

माझं मत विचारशील तर उन्हाळा घे, आणि त्यातही रात्र. पेपरात येतं ते सोनेगाव विमानतळावरचं तापमान. घरातलं कोण मोजतं? पत्रा दुपारी भाजून काढतो, पण सूर्य मावळला की लवकर निवतो. स्लॅब आणि विटांच्या भिंती मात्र दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहतात. म्हणजे दुपारी पत्र्याचं घर वाईट आणि रात्री स्लॅबचं, असंही निघेल. मग ऊन परतवणारा पांढरा रंग आधी कोणाच्या छताला द्यायचा? या प्रश्नाचं उत्तर महापालिकेला उद्या वापरता येईल.

कूलरही बघ. मे महिन्यात कोरड्या हवेत तो घर वाचवतो. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की नुसता वारा देतो. त्याच्याच टाकीत डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठवड्याला टाकी कोरडी करा, असं आपण सांगतो. जिथे पाणीच एक दिवसाआड येतं, तिथे ती कोण ओतून देईल? उष्णता आणि डेंग्यू आपण वेगवेगळ्या फायलींत ठेवलेत, घर मात्र एकच आहे.

फक्त उष्माघाताचे मृत्यू मोजू नकोस, फसशील. किडनीचा किंवा हृदयाचा रुग्ण उन्हाने गेला, तरी मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा जुनाच आजार लिहिला जातो. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेचा अभ्यास करताना सगळ्याच कारणांचे मृत्यू मोजले आणि मागच्या-पुढच्या वर्षांच्या मे महिन्याशी ताडले, तेव्हा १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. नुसत्या उष्माघाताच्या नोंदींतून हे कधीच दिसलं नसतं. त्या लाटेनंतर, २०१३ मध्ये, तिथे उष्णता कृती आराखडा आला.

तापमान मोजायची यंत्रं घेण्याआधी आशाताईंबरोबर, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविकांबरोबर, वस्तीत बस. रात्री कोणाला झोप नाही, गच्चीवर कोण झोपतं, म्हातारी माणसं कुठल्या खोलीत असतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. मग तुझा प्रश्न चार ओळींत लिहून पाठव. मेडिकल आणि मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या उन्हाळ्यातल्या नोंदी कशा मागायच्या, ते त्यानंतर ठरवू.

तुझा,
सर