सायकलचा हेडसेट नेमका किती आवळायचा?

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की हँडलखाली टकटक होते, तर हेडसेट, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क ज्यांवर वळतो ती बेअरिंग, किती आवळायचा, असं तुम्ही विचारलंय. टकटक थांबेपर्यंत. त्यापुढे पाव फेराही नाही. ‘थोडा जास्त घट्ट केलेला बरा’ असं सांगणारे हमखास भेटतील. त्यांचं ऐकू नका. याच वाक्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद वर्षानुवर्षं चाललाय.

दादासारखं वाकडं चाक कुणी सरळ करत नाही. पण हेडसेट म्हटला की सगळा जोर पान्यावर. त्याच्या जुन्या, फोर्कच्या नळीवर आटे असलेल्या हेडसेटमध्ये हँडल सरळ आलं की खट्कन अडकायचं. हात सोडून चालवलं की सायकल झोकांड्या खायची, कारण तोल सावरायला लागणारी बारीक वळणं हँडल घेतच नव्हतं. दादाचं म्हणणं, खड्ड्यांमुळे छर्रे ते फिरतात त्या वाटीत ठोकले गेलेत, अजून आवळ.

मी सगळं उघडलं. ग्रीस वाळून काळं पडलेलं, त्यात विटकरी भुकटी. खालच्या वाटीत पुढच्या आणि मागच्या बाजूला ओळीने खळगे, नख फिरवलं की एकेक लागत होता. डावी-उजवी बाजू मात्र गुळगुळीत. ही ठोक्याची खूण नाही, घासण्याची आहे. सरळ रस्त्यावर हँडल जवळजवळ वळतच नाही, छर्रे एकाच जागी राहतात आणि दर हादऱ्याला फोर्क किंचित लवतो. तेवढ्या हालचालीने मधलं ग्रीस बाजूला सरतं आणि पोलादावर पोलाद घासत राहतं. जोब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्याने हे केव्हाच समजावून सांगितलंय. आवळून खळगे भरत नाहीत, छर्रे त्यांत जास्तच रुततात.

मी छर्रे धरून ठेवणारी जाळी काढून सुटे छर्रे भरले. जाळीतल्यापेक्षा ते जास्त मावतात, त्यामुळे सगळेच एकदम जुन्या खळग्यांत बसत नाहीत. हँडल मोकळं फिरायला लागलं. दादा म्हणाला, नव्या ग्रीसचा गुण!

तुमचा हेडसेट बिनआट्याचा असेल तर आधी स्टेमचे, म्हणजे हँडल फोर्कच्या नळीला जोडणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे बोल्ट सैल करा. ते न करता वरच्या टोपीचा बोल्ट पिळण्यात काही अर्थ नाही. मग टोपीचा बोल्ट अगदी थोडा थोडा फिरवा आणि दर वेळी खालच्या वाटीच्या सांध्यावर बोटं ठेवून ब्रेक दाबून हलवून बघा. खेळ, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, संपला की पुढचं चाक उचला. हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे पडायला हवं. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणून बोल्ट आवळा, बहुधा ५ न्यूटन-मीटर. स्टेमवर आकडा छापलेला असतो. तरीही खेळ राहिला तर टोपी फोर्कच्या नळीवरच टेकतेय का बघा. नळीचं टोक स्टेमच्या वरच्या कडेखाली २-३ मिलिमीटर हवं.

एक राहिलं. सैल ब्रेक पॅड किंवा झिजलेलं सस्पेन्शनही अशीच टकटक करतं, म्हणून हँडल आडवं वळवून पुन्हा तपासा. आणि सुट्या छर्र्यांचा उपाय सीलबंद बेअरिंगला चालत नाही. ते बदलावंच लागतं, आणि नवं घेताना मापाबरोबर त्यावर छापलेले कडांच्या उताराचे कोनही जुळवा. ३६ आणि ४५ अंश हे नेहमीचे.