आईच्या डिस्चार्ज कार्डावर 'सीओपीडी, रॉन्काय, आरए' असं लिहिलंय. याचा अर्थ काय?

कार्डावरची ओळ तुम्ही जशीच्या तशी उतरवून दिलीत ते बरं केलंत: "के/सी/ओ सीओपीडी विथ एक्यूट एक्झॅसर्बेशन. आरएस – एईबीई, बायलॅटरल रॉन्काय, नो क्रेप्स. एसपीओटू ८८% ऑन आरए. एफईव्ही१/एफव्हीसी ०.५८." शिवाय विचारलंत की आईला सांधेवात कधी झाला आणि जन्मात विडी न ओढलेल्या बाईला हा आजार कसा.

सांधेवात आधी डोक्यातून काढा. आरए हे संधिवाताचंही (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) लघुरूप आहे, पण इथे आरए म्हणजे रूम एअर. ऑक्सिजन न लावता, खोलीतल्या हवेवर बोटाला क्लिप लावली तेव्हा एसपीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ आलं, इतकंच.

मी छातीच्या ओपीडीत पीएफटी (फुप्फुसं कशी काम करतात त्याची टेस्ट) करते, म्हणजे दिवसभर लोकांना नळीत फुंकायला लावते. त्यामुळे ही कार्डावरची भाषा सवयीची झाली आहे. के/सी/ओ म्हणजे नोन केस ऑफ, आजार आधीपासून माहीत असलेला. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन हवा बाहेर पडायला अडथळा येतो तो फुप्फुसाचा जुनाट आजार. एक्झॅसर्बेशन म्हणजे तो उसळला: धाप वाढली, खोकला-बेडका वाढला. आरएस म्हणजे श्वसनसंस्थेची तपासणी आणि एईबीई म्हणजे दोन्ही बाजूंना हवा सारखी जातेय. रॉन्काय हा अरुंद झालेल्या, कफ साठलेल्या नळ्यांतून हवा जाताना येणारा घुरघुर आवाज. आपल्याकडे बरेच डॉक्टर शिट्टीसारख्या आवाजालाही रॉन्कायच लिहितात. बायलॅटरल, म्हणजे दोन्हीकडे. क्रेप्स ही बारीक चरचर. न्युमोनियात किंवा हृदयामुळे फुप्फुसात पाणी भरलं तर ती ऐकू येते. ती नाही, हे चांगलं.

विडी न ओढता सीओपीडी होतो. आमच्याकडे अशा बायका नेहमी येतात. डॉक्टर त्यांना पहिलं विचारतात, "स्वयंपाक कशावर करायच्या?" उत्तर बहुतेकदा लाकडं, गोवऱ्या, तुराट्या असंच येतं. घरात नंतर गॅस आला तरी आधीच्या धुराने नळ्यांचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. जुना टीबी किंवा वर्षानुवर्षं अंगावर काढलेला दमा हीसुद्धा कारणं असतात.

आता ०.५८. माझ्या मते कार्डावर नीट पाहण्यासारखा आकडा हाच. छाती भरून श्वास घेऊन सगळा जोर लावून सोडला की एकूण जेवढी हवा निघते ती एफव्हीसी, आणि त्यातली पहिल्या सेकंदात निघते ती एफईव्ही१. आईची पहिल्या सेकंदात ५८ टक्केच निघाली. पंपाचं (इनहेलरचं) औषध देऊन, पंधराएक मिनिटं थांबून पुन्हा फुंकवल्यावरही हे प्रमाण ०.७० च्या खाली राहिलं, तरच आम्ही नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात असं धरतो. म्हणून डॉक्टरांना विचारा की ०.५८ पंपाआधीचं की नंतरचं. आजार किती पुढे गेलाय ते मात्र या प्रमाणावरून ठरत नाही. ते एफईव्ही१ वय-उंचीनुसारच्या अपेक्षेच्या किती टक्के आहे त्यावरून ठरतं: ८० किंवा वर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र, त्याखाली अतितीव्र. तुम्ही तो आकडा दिलेला नाही. रिपोर्टच्या मूळ कागदावर असेल.

आजार उसळलेला असताना केलेल्या टेस्टवर मी फार विसंबत नाही. धाप लागलेल्या माणसाला सहा सेकंद फुंकणं जमत नाही. त्यात आपल्या आया-मावश्या मध्येच जोर सोडतात. कारण कुणाला सांगत नाहीत, पण जोरात फुंकलं की लघवी होईल ही भीती असते. आधी बाथरूमला पाठवलं आणि खोलीतले पुरुष बाहेर काढले की त्याच बाईचा आलेख सुधारतो. कवळी सैल असेल तर ओठांच्या कडेने हवा निसटते, तेही बघावं लागतं.

ऑक्सिजनबद्दल एक. घरी मशीन दिलं असेल तर एसपीओटू ९८ गाठायला ऑक्सिजनचं बटण फिरवत बसू नका. काही सीओपीडी पेशंटांना जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते, म्हणून त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२ ठेवतात. आईचं किती ठेवायचं ते डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या.

तब्येत स्थिरावली की डॉक्टरांना विचारून टेस्ट पुन्हा करून घ्या. कुठला पंप किती तास आधी बंद ठेवायचा ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि सकाळी पोटभर जेवू घालून आणू नका.