व्हॉल्यूम कमी केला की गिटारचा आवाज दबतो. पिकअप बदलू की वायरिंग?

तुमची इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची, तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका गुंडाळीच्या पिकअपवाली. व्हॉल्यूम दहावरून सहावर आणला की आवाजावर घोंगडी टाकल्यासारखं होतं, आणि दुकानदार म्हणतो नवे पिकअप घ्या. आत्ता घेऊ नका. दहावर आवाज आवडतोय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे पिकअप चांगले आहेत. गळती पुढे आहे.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. तिथून निघालेला सिग्नल केबलमधून अँपपर्यंत जातो, आणि ही केबल स्वतःच एक कपॅसिटर असते. मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना ते फारसं जाणवत नाही. नॉब खाली आणला की पॉटचा, म्हणजे नॉबखालच्या कमीजास्त होणाऱ्या रेझिस्टरचा, रेझिस्टन्स सिग्नलच्या वाटेत येतो, आणि तो व केबल मिळून ट्रेबल, म्हणजे आवाजातला तीक्ष्ण वरचा भाग, गिळतात. आधी कुणाची तरी तुमच्यापेक्षा छोटी, तीन मीटरची केबल मागून आणा आणि सहावर वाजवून बघा. आवाज थोडा जरी उघडला, तरी दुखणं हेच.

उपाय ट्रेबल ब्लीड, म्हणजे ट्रेबलला पॉटला वळसा घालून जाऊ देणारी छोटी जोडणी. व्हॉल्यूम पॉटच्या ज्या पायाला पिकअप निवडायच्या स्विचकडून वायर येते तो आणि मधला, या दोन पायांवर ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि त्यालाच समांतर १५० के (किलोओहम) रेझिस्टर. नुसता कपॅसिटर लावला तर व्हॉल्यूम तीनवर आल्यावर आवाज पातळ, पत्र्यासारखा होतो, म्हणून रेझिस्टर हवाच. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन कपॅसिटर '१०२' म्हणून मागा, त्यावर तेवढंच छापलेलं असतं. रेझिस्टरचे पट्टे तपकिरी, हिरवा, पिवळा. 'व्हिंटेज' म्हणून हजार-हजाराला विकले जाणारे कपॅसिटर घेऊ नका. व्हॅल्यू तीच असेल तर कानाला फरक कळत नाही, मी एकाच गिटारवर अदलाबदल करून ऐकलंय.

गिटार उघडलीच आहे तर पॉटही मोजा. सिंगल कॉइलला २५० के लागतो, पण छापील आकड्यात वीस टक्के इकडेतिकडे चालतं. माझा २०४ भरला. तो काढून २७० चा बसवला, तेव्हा सगळ्यात बारीक दोन तारांना जी चमक आली तिच्यासाठी मी वर्षभर पेडल शोधत होतो. मोजताना पिकअपकडून येणारी वायर सोडवून ठेवा, नाहीतर मीटर पिकअपचेच पाच-सहा के दाखवेल.

सोल्डरिंगची घाई करू नका. पॉटची पाठ धातूची, ती उष्णता पिऊन टाकते. माझ्याकडे २५ वॉटचा सोल्डरगन होता. सोल्डर वितळेना म्हणून मी तो टेकवून धरून ठेवला, आणि आतला ट्रॅक जळला. नॉब फिरवला की खरखर, शेवटी पॉट फेकावा लागला. पाठ आधी पॉलिश पेपरनं घासा, ६० वॉटचा घ्या, दोन-तीन सेकंदांत काम उरका. सोल्डर चकचकीत बसलं पाहिजे. राखाडी, दाणेदार दिसलं तर ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, पुन्हा करा.

गिटार लावल्यावर अँपमधून येणाऱ्या गुणगुणीबद्दलही तुम्ही विचारलंय. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर ब्रिजची, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या धातूच्या भागाची, अर्थ वायर शाबूत आहे. कॅव्हिटीत, म्हणजे वायरिंग बसतं त्या खोबणीत, तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडा. तरी ५० हर्ट्झची थोडी घूं राहील, तो सिंगल कॉइलचा स्वभाव. पेठांमधल्या जुन्या घरांत कित्येक प्लगना अर्थिंगच नसतं, तिथे अँप लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थ वायरनं अँपशी जोडलेल्या गिटारच्या तारा तुमच्या हातात असतात, हे विसरू नका.

आणि एक काम जरूर करा. १९५४ च्या मूळ स्ट्रॅटोकास्टरपासून चालत आलेल्या वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन नॉबच नसतो. स्विचच्या टोनच्या बाजूला ब्रिजचा पाय मोकळा असतो, तो शेजारच्या मधल्या पिकअपच्या पायाला बोटाच्या पेराएवढ्या वायरनं जोडा. दुसरा टोन नॉब ब्रिजलाही चालू होईल. तो सातवर ठेवून वाजवा. कानात टोचणारा तो पिकअप मी आता सगळ्यात जास्त वापरतो.