सेवा करायची आहे, पण सुरुवात कुठून?

आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, गटातून मी वीस वर्षं आजाऱ्यांच्या घरी जातेय, त्यावरून सांगते. आधी एकच घर धर. तुझ्याच बिल्डिंगमधली एकटी राहणारी आजी चालेल. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी जा. उत्साहात पाच घरं धरणारे तिसऱ्या महिन्यात दिसेनासे होतात, आणि वाट बघत बसलेल्या माणसाला ते फार लागतं.

नव्यांच्या नेहमीच्या चुका:

- न विचारता मदत करणं. बायबलमधल्या आंधळ्या बार्तीमयाला काय हवंय ते उघड दिसत होतं, तरी येशूनं आधी त्याला विचारलं. मी एका आजींकडे चार महिने डाळ-तांदूळ नेत होते. त्यांना हवी होती बँकेत जायला सोबत!
- फोटो काढणं. उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये, हे मोबाईललाही लागू आहे.
- मागितल्याशिवाय प्रार्थना सुरू करणं. येशूनं सांगितलेल्या गोष्टीत वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्या शोमरोन्यानं त्याचा धर्म विचारला नव्हता.
- एकट्यानं जाणं. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी या गरिबांची सेवा करणाऱ्या कॅथलिक संस्थेचे सभासद घरभेटीला जोडीनं जातात. तूही कुणाला तरी सोबत घे.

आणि घर विसरू नकोस. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं पाय धुतले ते रोज सोबत असणाऱ्या शिष्यांचे. आईची भांडी तशीच ठेवून सेवेला निघू नकोस.

शुश्रूषा, समुपदेशन हे सगळं पुढे शिकशील. या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की त्या आजींची बेल वाजव.