रिवॉर्ड पॉइंट्सची कल्पना तर जुनीच आहे, मग पेटंट अपीलमध्ये ‘ऑब्व्हियस’ (जाणकाराला सहज सुचेल असं) कसं ठरवतात?

अमेरिकेपुरतं सांगतो. कल्पना जुनी आहे एवढ्यावर क्लेम (पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क मागितला आहे ते) पडत नाही, क्लेममधली प्रत्येक ओळ बघावी लागते. समजा क्लेममध्ये आहे की बिल व्हायच्या आधीच सिस्टीम ग्राहकाचे पॉइंट्स तपासून डिस्काउंट लावते, आणि पेटंट ऑफिसच्या एक्झामिनरने एका जुन्या पेटंटमधून पॉइंट्स घेतले, दुसऱ्यातून चेकआउट घेतलं, तर खरा प्रश्न असा की त्या काळातल्या जाणकार माणसाने ही दोन्ही एकत्र का केली असती?

अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २००७ च्या केएसआर निकालाने इथे कॉमन सेन्सला जागा दिली, पण कारण लिहून दाखवावंच लागतं, नुसतं ‘हे तर उघडच आहे’ चालत नाही, आणि माझ्या मते अपील लढायची खरी जागा हीच. ‘आमची स्कीम लोकप्रिय झाली’ हा मुद्दा लोक हमखास मांडतात, पण ते यश नेमकं त्या क्लेममधल्या नव्या भागामुळे आलं हे दाखवता आलं नाही तर त्याला फारसं वजन मिळत नाही.

आणि क्रॉय विरुद्ध ग्रुपॉन हा खटला जरूर वाचा, त्यातलं पेटंट नेटवर्कवरच्या इन्सेंटिव्ह प्रोग्रॅमचंच आहे. पेटंट ऑफिसच्या अपील बोर्डाने २१ क्लेम उडवले, तरी २०२५ मध्ये पेटंटची अपिलं ऐकणारं फेडरल सर्किट कोर्ट म्हणालं की तेवढ्यावरून बाकीचे क्लेम कोर्टात आपोआप पडत नाहीत, कारण कोर्टात क्लेम पाडायला पुराव्याची पट्टी जास्त कडक असते.