अभ्यासाला बसलं की डोकं का दुखतं?

"मॅडम, तासभर वाचलं की डोक्याला घट्ट पट्टा बांधल्यासारखं होतं. मेंदूवर इतका भार टाकल्याने काही बिघडणार तर नाही ना?"

17 वर्षांची मुलगी, प्रवेश परीक्षेची तयारी चाललेली. शेजारी आई. डॉक्टरांनी तपासलं होतं, डोळ्यांचा नंबरही पाहून झाला होता. निदान होतं ताणामुळे होणारी डोकेदुखी. तरी भीती जात नव्हती, म्हणून आधी तिलाच उत्तर दिलं. अभ्यासाने मेंदू झिजत नाही. मेंदूला स्वतःला तर वेदना जाणवतच नाही. अशा दुखण्यात डोक्याचे, मानेचे, खांद्यांचे स्नायू बहुतेकदा ताठलेले असतात.

दोन आठवडे वही लिहायला सांगितली: कधी दुखलं, झोप किती झाली, गोळी घेतली का आणि दुखायच्या आधी मनात काय होतं. सगळं सापडलं ते या शेवटच्या रकान्यात. अवघड गणितं सोडवताना दोन-दोन तास डोकं शांत. दुखायचं ते संध्याकाळी, उरलेल्या धड्यांची यादी समोर आली की. "मैत्रिणीचं दोनदा वाचून झालं," असं तिनं तीन वेळा लिहिलं होतं. त्या वेळी आपण दातांवर दात आवळून, खांदे वर चढवून बसतो, हेही तिच्याच लक्षात आलं. झोप जेमतेम पाच तास. या वयाला 8 ते 10 तास लागतात.

वहीतल्या गोळ्यांनी मात्र मला काळजीत टाकलं. 14 दिवसांत 8! साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर त्या गोळीमुळेच डोकं दुखू लागू शकतं. त्यासाठी तिला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं.

यादी कपाटात गेली. टेबलावर फक्त त्या दिवशीचे दोन विषय. 40 मिनिटांनी उठायचं, खांदे सैल सोडायचे, लांब कुठेतरी बघायचं. रात्रीचं वाचन बंद.

आईला मी एकच विनंती केली: रोज संध्याकाळी "किती झालं?" विचारू नका. त्यांना ते लागलं. मायेपोटीच विचारत होत्या त्या. "मी विचारलं नाही तर तिला वाटेल, आईला काही पडलेलीच नाही."

"नाही वाटणार गं," मुलगी पटकन म्हणाली. हे दोघींत आधी कधी बोललंच गेलं नव्हतं.

दीड महिन्यानंतर दुखणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी अजून दुखतं, पण ती आता घाबरत नाही.

डोकं अचानक असह्य दुखलं, ताप येऊन मान आखडली, नजर धूसर झाली, हातापायातली शक्ती गेली किंवा पहाटे दुखण्याने जाग येऊन उलट्या होऊ लागल्या, तर वही लिहीत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा.